आधी ऑर्डर, मग ब्रँड

कॉलेजच्या मुलामुलींसाठी कपड्यांचा ब्रँड काढायचं ठरलं की पहिले काही आठवडे नाव, लोगो आणि डिझाइन यांतच जातात. मग तिरुपूरहून कोऱ्या टी-शर्टांचे गठ्ठे येतात, छपाई होते, इन्स्टाग्रामवर फोटो चढतात आणि सहा महिन्यांनी उरलेल्या मालाची खोकी घरात जागा अडवून बसतात. माझ्या मते इथे क्रमच उलटा लागलेला असतो. या धंद्यात पैसा अडकतो तो फसलेल्या डिझाइनमध्ये कमी आणि न खपलेल्या साइजमध्ये जास्त. म्हणून नवख्याने एकेकट्या गिऱ्हाइकामागे न धावता आधी गटाला विकावं: वर्गाला, फेस्टच्या टीमला, पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला उतरणाऱ्या संघाला, ढोल-ताशा पथकाला.

हिशेब मांडून पाहू. चार डिझाइन, तीन रंग आणि एसपासून डबल एक्सएलपर्यंत पाच साइज घेतले, तर 60 प्रकार होतात. प्रत्येकाचे जेमतेम पाच नग केले तरी 300 टी-शर्ट झाले. छपाईसकट एक नग 250 रुपयांना पडतो असं धरलं, तर 75,000 रुपये गुंतले. तो 499 ला विकायचा म्हटलं तर 150 नग गेल्यावर 74,850 रुपये हाती येतात. म्हणजे निम्मा माल संपेपर्यंत घातलेला पैसाच कसाबसा परत येतो; जाहिरात, कुरिअर आणि परत आलेली पार्सलं यांचा खर्च वेगळाच. नफा आहे तो उरलेल्या निम्म्यात, आणि उरतात नेमके तेच साइज आणि रंग, ज्यांना मागणी कमी. काळ्या रंगातला एल पहिल्याच आठवड्यात संपतो, त्यानंतर आलेलं गिऱ्हाईक हात हलवत परत जातं, आणि पिवळा डबल एक्सएल तसाच पडून राहतो. दुकान मोठं असेल तर असा माल सेलमध्ये काढता येतो. 75,000 च्या भांडवलात ती सोय नसते.

गटाच्या ऑर्डरमध्ये ही अडचण मुळातच उद्भवत नाही. साठ जणांचा वर्ग असला की सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी, यादी करतो, कोणाला कोणता साइज ते कळतं, निम्मी रक्कम आगाऊ मिळते आणि तेवढेच नग शिवले-छापले जातात. छपाईचं तंत्रही गटाच्याच बाजूचं आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम लागते: ताणलेल्या जाळीवर लेप द्यायचा, डिझाइनच्या फिल्ममधून प्रकाश टाकून डिझाइनपुरती जाळी मोकळी करायची, मग शाई ओढायची. फ्रेम पाच नगांसाठी केली काय किंवा पाचशेंसाठी केली काय, तिचा खर्च तोच. पाच नगांवर तो जड पडतो, साठांवर जाणवत नाही. एकेक नग छापायचा तर डीटीएफ सोयीचं. त्यात डिझाइन फिल्मवर छापतात, वर गोंदाची पूड पसरून तापवतात आणि हीट प्रेसने कापडावर उतरवतात. पण छातीभर डीटीएफ असलं की तेवढ्या भागातून हवा खेळत नाही, आणि मे महिन्यात ते अंगाला लगेच कळतं.

यावर कोणी म्हणेल की प्रिंट-ऑन-डिमांड आहेच की! ऑर्डर आल्यावर एकच नग छापून थेट गिऱ्हाइकाला पाठवणाऱ्या कंपन्या आहेत, मग साठा ठेवायची गरजच काय? मुद्दा रास्त आहे, पण तिथे दर नगाला मोजावी लागणारी रक्कम जास्त, आणि कापड व शिलाई आपल्या ताब्यात नाही. शिवाय स्पर्धा आहे ती टाटांच्या ट्रेंट कंपनीच्या झुडिओशी. तिथला बहुतेक माल हजार रुपयांच्या आत मिळतो, दुकानात हात लावून पाहता येतो आणि लगेच घरी नेता येतो. साध्या टी-शर्टाच्या किमतीत तिच्याशी टक्कर घेणं नवख्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. मात्र झुडिओ ‘मेकॅनिकल, थर्ड इयर’ असं लिहिलेला टी-शर्ट विकत नाही, आणि वर्गाला हवा असतो तो तोच.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अशाने फार तर छपाईचा धंदा होईल, ब्रँड कसा होणार? आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या दोघांनी 2012 मध्ये सुरू केलेला ‘बेवकूफ’ हा ब्रँड तर सुट्या गिऱ्हाइकांवरच वाढला. ते खरंच आहे. पण त्यामागे गुंतवणूकदारांचा पैसा उभा होता, आणि 2022 मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या टीएमआरडब्ल्यूने त्यात बहुसंख्य हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. मुंबईच्याच ‘द सोल्ड स्टोअर’ने सिनेमे आणि सुपरहिरोंचे रीतसर परवाने घेऊन त्यांच्या चाहत्यांना माल विकला. चाहते हाही एक गटच. आणि गटाच्या ऑर्डरींतून ब्रँड उभा राहिल्याचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या ‘चॅम्पियन’कडे पाहावं. 1919 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये सुरू झालेली ही कंपनी मिशिगनसारख्या विद्यापीठांच्या खेळाडूंसाठी कपडे करत करत मोठी झाली. रस्त्यावरच्या तरुणांच्या अंगावर तिची हुडी आली ती बऱ्याच नंतर. संघाच्या सरावात टिकलेलं कापड हीच तिची ओळख होती.

तेव्हा ब्रँड घडतो तो लोगोत नव्हे, कापडात आणि वेळ पाळण्यात. नेहमीच्या टी-शर्टाला 180 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाचं, कापड चालतं, ओव्हरसाइझ्डला 220 ते 240 लागतं, नाहीतर तो अंगावर लोंबतो. बायोवॉशमध्ये एन्झाइमने कापडावरची लव काढलेली असते, त्यामुळे छपाई स्वच्छ उठते आणि गोळे कमी धरतात. प्रत्येक लॉटमधला एक नग तीनदा धुवून, आधीची आणि नंतरची लांबी-रुंदी मोजूनच पुढचा माल घ्यावा. मुलींसाठी वेगळा कट ठेवावा. ‘युनिसेक्स’च्या नावाखाली खांदे उतरलेले टी-शर्ट देणं हा आळस आहे. आपल्या नावाचा ट्रेडमार्क वर्ग 25 मध्ये नोंदवता येतो आणि ती नोंदणी दहा वर्षं चालते. मात्र कॉलेजचं बोधचिन्ह किंवा एखादा सुपरहिरो परवानगीशिवाय छापू नये, वर्गाने कितीही आग्रह केला तरी.

कॉलेजचं गिऱ्हाईक तीन-चार वर्षांत निघून जातं, ही भीती बहुतेकांना वाटते. पण दर जूनला नवा वर्ग येतो आणि त्याला गेल्या वर्षीचा टी-शर्ट चालत नाही. त्यावर छापलेलं सालच बदललेलं असतं. जाणाऱ्या सीआरने येणाऱ्याला ब्रँडचा नंबर द्यावा एवढं काम चोख झालं, तर पुढची ऑर्डर जाहिरातीवाचून येते. फेस्ट शुक्रवारी असेल आणि माल शनिवारी पोचला, तर साठच्या साठ नग वाया गेले आणि तो नंबरही पुढे कोणी देणार नाही. म्हणून पहिल्या वर्षी चार ऑर्डरी कमी घ्याव्यात, पण प्रत्येक ऑर्डर फेस्टच्या दोन दिवस आधी वर्गाच्या हातात पडेल असं पाहावं.