शिरूर हर्षद, दौंड नाही!

शिरूरचा पिनकोड ४१२२१०. त्यातल्या अंकांची बेरीज करा: १०. आता ४१२२१० ला १० ने भागा. बाकी शून्य! दौंडकर, तुमचा ४१३८०१. अंकांची बेरीज १७, भागून बघा, बाकी उरते ४. सॉरी!

ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद संख्या. हर्ष देणारी, म्हणून हर्षद. हे नाव ठेवलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. १९०५ मध्ये डहाणूत जन्म, पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिक्षण आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर पदवी नाही. त्यामुळे आपल्याकडे अनेकांनी त्यांचं काम 'आकड्यांचा खेळ' म्हणून बाजूला सारलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. कापरेकर तेव्हा सत्तरीत होते!

खरं सांगायचं तर आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. गाडीवरची एमएच १२ पाटी घ्या. १ + २ = ३, बाराला तीनने भाग जातो, म्हणजे १२ हर्षद. पण हे आपण दहाच्या गटांनी मोजतो म्हणून. आठच्या गटांनी मोजणारा हेच बारा '१४' असे लिहील: एक आठ आणि वर चार. बेरीज ५. बाराला पाचने भाग जात नाही. हर्ष गायब! मग हा गुण संख्येचा, की लिहिण्याच्या पद्धतीचा?

मला विचाराल तर खरी मजा इथूनच सुरू होते. कुठल्याही पद्धतीत लिहा, तरी हर्षदच राहतील अशा संख्या किती? फक्त चार: १, २, ४ आणि ६. बिचारा १२ एकट्या आठच्या पद्धतीत नापास, बाकी सगळीकडे पास.

आणखी एक. १ ते १० या सलग दहा संख्या हर्षद आहेत. अशी रांग किती लांब जाईल? दहाच्या पद्धतीत जास्तीत जास्त २०, एकविसावी कधीच नाही, हे कूपर आणि केनेडी यांनी १९९३ मध्ये सिद्ध केलं. पुढच्याच वर्षी ग्रंडमन यांनी बाकीच्या पद्धतींचीही मर्यादा दाखवली: ज्या संख्येच्या गटांनी मोजता, तिची दुप्पट. म्हणून कॉम्प्युटरच्या ०-१ वाल्या पद्धतीत फक्त ४. 'खेळा'वर शोधनिबंध निघतायत ते असे.

आणि दौंडकर, नाराज होऊ नका. तुमच्या एमएच ४२ मधले ४२ आठच्या पद्धतीत '५२' होतात, बेरीज ७, भाग जातो. जिथे १२ पडला तिथे ४२ टिकला! तीनच्या पद्धतीत मात्र तुम्हीच लिहून बघा.