काचेचा कुलाबा

अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ला काळ्या पाषाणाचा. संगणकाच्या पडद्यावर तोच तट आणि किनाऱ्यावरील माडांची रांग काचेची करावयाची झाल्यास कोणती अडचण येते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

पाषाण स्वतःच्या रंगाने दिसतो. काच मात्र पलीकडील वस्तू वाकवून दाखविते, म्हणूनच ती दिसते. रित्या पार्श्वभूमीवर तिला जवळजवळ रूपच नसते. यास्तव संगणक डोळ्यापासून उलट दिशेने किरण सोडतो. काचेवर पोहोचताच त्याच्या दोन वाटा होतात : एक परावर्तित, दुसरी वक्रीभूत, आणि पुढील प्रत्येक पृष्ठभागावर त्यांना पुन्हा फाटे फुटतात. टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली ही रीत मांडताना पारदर्शक गोलाखाली चौकटींची फरशी दाखविली, ती उगीच नव्हे.

वाकण्याचे प्रमाण एका अंकात सामावते. त्यास वक्रीभवनांक म्हणतात. साध्या काचेचा तो सुमारे १.५, पाण्याचा १.३३. भरतीत बुडालेल्या रंगहीन तटाला चुकून १.३३ हाच अंक दिला, तर पाण्याखालचा तट नाहीसा होईल !

ही फसगत मराठीला अपरिचित नाही. स्फटिकभूमीला पाणी समजून वस्त्रे सावरणारा आणि पाण्याला भूमी समजून त्यात पडणारा दुर्योधन सभापर्वात आहे. त्यावरूनच कोणत्याही फसव्या देखाव्याला आपण ‘मयसभा’ म्हणतो. ‘बिलोरी’ या विशेषणाच्या मुळाशीही फारसीतील स्फटिकवाचक शब्दच आहे.

तेव्हा काचेचा कुलाबा रचणाऱ्याने आधी लाटा, वाळू आणि क्षितिजावरील एखादे शीड रचावे, तट मागाहून.