‘मुळशी पॅटर्न’: कोयत्याआधीचा सातबारा

मंडळी, कोनमध्ये येऊन ‘मुळशी पॅटर्न’वर बोलायचं म्हणजे तसं सोपं काम आहे. सिनेमा पुण्याच्या पश्चिमेकडचा, पण कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की तो परका राहत नाही. भाताच्या खाचरांच्या जागी गोदामांचे पत्रे. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, महामार्गालगत, ग्रामपंचायतीतली जमीन. त्यात २०१७ साली जीएसटी आला आणि एकाच ठिकाणी प्रचंड गोदाम बांधणं कंपन्यांना परवडू लागलं. हे तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

प्रवीण तरडे यांचा हा सिनेमा २०१८च्या नोव्हेंबरात आला. मोहन जोशींनी केलेला बाप जमीन विकतो, पैसा उडून जातो, आणि विकलेल्याच जमिनीवर तो वॉचमन म्हणून उभा राहतो. पुढे पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली. ओम भूतकरने केलेला मुलगा, राहुल, गुन्हेगारीत शिरतो आणि ज्या भाईच्या सावलीत वाढला त्याच्यावरच उलटतो. बाकीचं तुम्ही पाहिलेलं आहे.

आता ‘मुळशी’ या नावाकडे जरा थांबून बघू. १९२१ साली याच मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. लढा हरला, धरण झालं, जमिनी पाण्याखाली गेल्या. पण तिथे समोर कुणीतरी होतं! कंपनी होती, सरकार होतं, कुणासमोर आडवं पडायचं ते ठाऊक होतं. सिनेमातल्या बापापुढे असं कुणी नाही. जमीन त्याच्याच सहीने गेली. मग मुलाने रागवायचं कुणावर? आमच्या मते सिनेमाचं खरं मर्म इथे आहे. ज्याला शत्रू सापडत नाही असा राग शेवटी आपल्यासारख्याच दुसऱ्या पोराच्या मानेवर उतरतो. कोयता चालवणारा आणि कोयता खाणारा, दोघांच्याही घरचा सातबारा कोरा.

एवढं कळलेला दिग्दर्शक कोयता दाखवताना मात्र मोहात पडतो. कॅमेरा संथ होतो, ढोल वाढतो, चाल ऐटीची होते. वॉचमन झालेल्या बापाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. टाळ्या कुठे पडणार ते मग ठरूनच जातं. हळदीच्या मांडवात ‘खतरनाक’ वाजतं, त्यावर पोरं नाचतात, त्यांना आम्ही दोष देत नाही. गाणं नाचण्यासाठीच केलंय.

आपल्याकडे नाट्यशास्त्राने युद्ध, मरण वगैरे रंगमंचावर प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून सांगावं असं म्हटलं. ग्रीकांकडेही खून बहुतेक पडद्याआड होतो आणि निरोप्या येऊन सांगतो. ही नाजूक मनाची काळजी नव्हे. वार डोळ्यांपुढे झाला की प्रेक्षक ‘कसा मारला’ यात रमतो आणि ‘का मारला’ हे मागे पडतं, असं आम्हाला वाटतं. भासाचं ‘ऊरुभंग’ घ्या. त्यात दुर्योधन रंगमंचावरच मरतो, म्हणजे नियम मोडलाच. पण भीमाची गदा मांडीवर पडते ते आपण सैनिकांच्या तोंडून ऐकतो. आपल्याला दिसतो तो नंतरचा, मोडलेल्या मांड्यांचा दुर्योधन. आंधळा बाप त्याला शोधत येतो, आणि दुर्जय नावाचा छोटा मुलगा मांडीवर बसू म्हणतो. मांडीवर! रौद्र ऐकायचा आणि करुण बघायचा, अशी ती वाटणी आहे. ‘मुळशी पॅटर्न’मध्ये करुण आहे, भरपूर आहे, मोहन जोशींच्या नुसत्या उभं राहण्यात आहे. फक्त रौद्राला दहा वाद्यं दिलीत आणि करुणाला एकही नाही.

तरीही हिंदी अवतारापेक्षा हा सिनेमा आम्हाला कितीतरी प्रामाणिक वाटतो. महेश मांजरेकरांनी २०२१ साली ‘अंतिम’ केला. पोलिसाच्या भूमिकेत सलमान खान आला आणि भूमिका त्याच्या मापाने वाढली. (मराठीत पोलीस झालेले उपेंद्र लिमये तिथे भाई झाले, ही एक गंमत.) सचिन खेडेकरांनी बाप चांगला केलाय, पण एकदा दोन बलदंड पुरुष समोरासमोर उभे राहिले की शत्रू आयता मिळतो, आणि जमीन कुणी, कशी, कितीला विकली हा प्रश्न आपोआप मिटतो. मराठी सिनेमा तो मिटू देत नाही. कोयत्याच्या इतक्या गोंगाटातही त्या बापाची सही आपल्याला आठवत राहते.

वेळ झाली. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून सुरुवात करा.