शुक्ला यांच्या यानाने परत काय आणले? अंतराळ स्थानकाच्या माल-वाहतुकीची दुसरी बाजू

लखनौ : ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला २५ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्या जन्मगावी परतले, तेव्हा ते शिकले त्या सिटी माँटेसरी स्कूलच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे जल्लोषात स्वागत केले. याच शाळेच्या कानपूर रोड शाखेत २५ जूनला त्यांच्या आईवडिलांनी 'अ‍ॅक्सिअम-४' मोहिमेचे उड्डाण मोठ्या पडद्यावर पाहिले होते. मात्र या मोहिमेसाठी भारताने केलेल्या सुमारे ५५० कोटी रुपयांच्या खर्चातून हाती काय आले, हा प्रश्नही तेव्हापासूनच विचारला जात आहे. त्याच्या उत्तराचा मोठा भाग यानाच्या मालकप्प्यात सापडतो.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरते. तेथे अन्न, सुटे भाग, प्रयोगांची उपकरणे सारे काही खालूनच न्यावे लागते. रशियाचे 'प्रोग्रेस' आणि अमेरिकेचे 'सिग्नस' ही मालवाहू याने हे काम करतात. परंतु परतीच्या वाटेवर त्यांत स्थानकातील कचरा भरला जातो आणि ती वातावरणात जळून जातात. म्हणजे माल वर पोहोचवण्याचे मार्ग अनेक, सुखरूप खाली आणण्याचे मात्र मोजकेच. 'सोयूझ' तीन अंतराळवीरांना आणते. त्यांच्यासोबत मालासाठी फारच थोडी जागा उरते. उष्णतारोधक कवच आणि हवाछत्र्या असलेले 'ड्रॅगन' यान म्हणूनच प्रयोगशाळांसाठी मोलाचे ठरते. त्याचे मालवाहू रूप असो वा माणसे नेणारे, ते समुद्रात अलगद उतरते.

शुक्ला यांचे यान याच जातकुळीतले. पेगी व्हिटसन या मोहिमेच्या कमांडर, शुक्ला वैमानिक. पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे टिबोर कापू हे अन्य दोघे. मे अखेरीस ठरलेले उड्डाण वारंवार पुढे गेले. अग्निबाणात द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली आणि पुढे स्थानकाच्या रशियन विभागातील दुरुस्तीची खातरजमा करावी लागली. अखेर उड्डाणानंतर २८ तासांनी, २६ जूनला भारतीय वेळेनुसार दुपारी चारच्या सुमारास, यान 'हार्मनी' कक्षाच्या वरच्या तोंडाशी जोडले गेले. जोडणी झाली तरी दार लगेच उघडत नाही. सांध्यातून हवा निसटत नाही ना, हे तपासून दोन्ही बाजूंचा दाब समान करावा लागतो. पाहुणे आत गेल्यावर स्थानकात ११ माणसे झाली. शुक्ला यांनी सोबत गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस नेला होता. तो त्यांनी सहकाऱ्यांनाही दिला.

मोहिमेतील सुमारे ६० प्रयोगांपैकी सात इस्रोने निवडलेले होते. मेथी आणि मूग यांच्या बियांना अंकुर फोडण्याचा प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने आणि तेथील आयआयटीने आखला होता. शुक्ला यांनी बिया काचेच्या बशीत रुजवल्या, त्यांची छायाचित्रे घेतली आणि अंकुर स्थानकाच्या शीतपेटीत ठेवले. एवढ्यावर प्रयोग संपत नाही, किंबहुना खरा भाग येथूनच सुरू होतो. अवकाशात रुजलेल्या बियांपासून पृथ्वीवर पिढ्यान् पिढ्या रोपे वाढवून त्यांची जनुके, पोषणमूल्ये आणि त्यांवरील सूक्ष्मजीव यांत काय बदल होतो, हे तपासायचे आहे. स्नायूंच्या पेशी, सूक्ष्म शैवाल, जलअस्वले यांच्या प्रयोगांचेही तसेच. छायाचित्रे आणि आकडे रेडिओलहरींवरून पाठवता येतात. अंकुर पाठवता येत नाही. १५ जुलैला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ उतरलेल्या यानाने प्रयोगांच्या नोंदी व नासाच्या उपकरणांसह ५८० पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे २६३ किलो माल परत आणला.

माणसे नेणारे यान स्वतःच 'रसद' ठरते, याचे उदाहरण भारताच्या पहिल्या अंतराळवीराच्या प्रवासातही आहे. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी 'सोयूझ टी-११' मधून 'सॅल्यूट-७' कडे गेले, पण परतले ते आधीच तेथे असलेल्या 'टी-१०' मधून. कक्षेत यान फार काळ ठेवणे धोक्याचे असल्याने जुने खाली आणून स्थानकावरील मुक्कामी चमूसाठी नवे यान मागे ठेवले गेले.

भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्याच्या पहिल्या कक्षाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्यालाही दोन्ही दिशांची वाहतूक लागेल. समुद्रात उतरण्याची पद्धत 'गगनयान' साठी आधीच स्वीकारलेली आहे. जोडणीचा धडा १६ जानेवारी २०२५ रोजी 'स्पेडेक्स' ने गिरवला; प्रत्येकी सुमारे २२० किलोंचे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडणारा भारत चौथा देश ठरला. त्या उपग्रहांमधून माणूस किंवा शीतपेटी जाण्याजोगी वाट अर्थातच नव्हती. हवाबंद दाराचा तो टप्पा इस्रोला अजून गाठायचा आहे.