रात्रीही न निवणारं शहर

अमेरिकेतल्या फिनिक्सचा हिवाळा हेवा वाटावा असा: लख्ख ऊन, कोरडी हवा, अंगात फार तर पातळ स्वेटर. शिवाय ऐसपैस पसरायला जागा. गोम या पसरण्यातच आहे. उघडी वाळवंटी जमीन सूर्य मावळला की भराभर निवते. डांबर आणि काँक्रीट मात्र दिवसभर प्यालेली उष्णता रात्रभर ओकत राहतात. २०२३च्या उन्हाळ्यात इथलं कमाल तापमान सलग ३१ दिवस ४३ अंशांवर होतं आणि सलग १६ दिवस पारा रात्रीसुद्धा ३२च्या खाली उतरला नाही. फटका सवारो निवडुंगालाही बसला. पाणी वाचवायला तो आपली रंध्रं रात्री उघडतो; रात्रच तापलेली, तर त्याने श्वास घ्यावा कधी? कुणाच्या फांद्या गळाल्या, कुणी मुळासकट कोसळले. माणसं एसी लावतात, त्याची गरम हवा पुन्हा गल्लीतच. घाम चटकन सुकतो, हे सुख मुंबईकराला विशेष पटेल. पण त्यामुळेच अंगातलं पाणी कधी आटलं ते कळत नाही. आणि नळाचं पाणी? त्यातला मोठा वाटा कोलोरॅडो नदीतून, सुमारे ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने, पंपांनी चढावर ढकलत आणलेला.