कारंजाच्या पाण्यावर एक आठवडा

गळ टाकून पाण्याकडे पाहत बसणे हा आळशी माणसाचा उद्योग होय, असे पुष्कळांचे मत असते. आमचेही तसेच होते. परंतु नोव्हेंबर महिन्यात सर्व मृतांचा स्मरणदिन पार पडल्यावर आमचे एक जुने मित्र आम्हांस बिदर जिल्ह्यात घेऊन गेले, आणि कारंजा जलाशयावर आम्ही दोघांनी एक आठवडा होडीत काढला. मासे थोडेच मिळाले. पण त्या आठवड्यात जे शिकावयास मिळाले, ते आमच्या कुटुंबीय वाचकांपुढे ठेवावे असे वाटते.

हा प्रांत दोन मोठ्या नद्यांच्या मधला आहे. शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्याचे पाणी भीमेला मिळून कृष्णेकडे जाते. बिदरची कारंजा नदी मात्र मांजरेला मिळते, आणि बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावलेली मांजरा तिचे पाणी गोदावरीस नेते. भालकी तालुक्यात घरोघरी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा नांदतात. १९४८ पर्यंत येथे निजामाचा अंमल होता. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि १९७३ साली त्या राज्यास कर्नाटक हे नाव मिळाले. याच तालुक्यात ब्याळहळ्ळीजवळ कारंजावर मातीचे धरण बांधलेले असून त्यात साडेसात अब्ज घनफुटांहून अधिक पाणी मावते. हे पाणी साठले तेव्हा कित्येकांची शेते त्याखाली गेली. विस्थापित शेतकऱ्यांनी वाढीव मोबदल्यासाठी पुढे बिदरला दीर्घकाळ धरणेही धरले.

आमच्या मित्रांचे वडिलार्जित रान त्या पाण्यातच आहे. हे आम्हांस ठाऊक होते. तथापि ते स्वतः त्याविषयी कधी बोलत नसत. इतक्या वर्षांत ते प्रथमच इकडे आले होते.

अशा जलाशयात वाटेल त्याने गळ टाकावा असे नसते. मासेमारीचा हक्क मच्छीमारांच्या सोसायट्यांना रक्कम भरून घ्यावा लागतो, आणि माशांचे बीजही सोडावे लागते. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या नदीत अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात ते आपोआप वाढत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांकडून अंडी घालवून घेतली, तेव्हापासून तळ्याधरणांत सोडण्यास बीज मिळू लागले. म्हणून आम्ही प्रथम काठावरच्या सोसायटीतील मंडळींस विचारले. त्यांनी संमती दिली आणि त्यांच्यातील एका वृद्ध सभासदाने आपली होडी देऊ केली. गावात सगळे त्यांना मामा म्हणत. आम्हीही म्हणू लागलो.

होडी म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी गोल टोपलीच. कन्नडमध्ये तिला हरिगोलु म्हणतात. पूर्वी तिला बाहेरून कातडे मढवीत. आता प्लास्टिकचा कागद व डांबर लावतात. तिला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते. समोरून वल्ह्याने पाणी आपल्याकडे ओढावे लागते, नाही तर ती जागच्या जागी गिरक्या घेते. दोघे एका अंगास वळले की ती कलते. एकाने गळ टाकावयाचा तर दुसऱ्याने मागे रेलून तोल सांभाळावयाचा, हा या होडीचा पहिला नियम. संसारासही तो लागू पडावा!

पहिले दोन दिवस मामांनी आम्हांस शिकविण्यात गेले. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, आणि मृगळ तळाशी. म्हणून बूच कोठे बांधावे हे माशावर अवलंबून असते. शेंगदाण्याची पेंड व कणीक मळून त्यांनी आमिष करून दिले. लहान मासा परत सोडावा, हे त्यांनी बजावले. मरळीविषयी तर त्यांचा कटाक्षच होता. हा मासा वर येऊन हवेत श्वास घेतो आणि पिल्लांची राखण करतो. “पावसाळ्यात लाल पिल्लांचा थवा दिसला की खाली आईबाप असतात. त्यांना मारलं तर सगळा थवा गेला,” असे ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी आमचे मित्र सकाळपासून अस्वस्थ होते. होडी एका उथळ भागावर आली तेव्हा त्यांनी बोट दाखवून एवढेच म्हटले, “इथं आमची विहीर होती.” थोड्या वेळाने त्यांचा गळ खाली कशात तरी अडकला. ओढून सुटेना. आम्ही थांबा म्हणालो. पण त्यांनी जोराने हिसका दिला, आणि दोरा वर आला तो कोणाच्या तरी जाळ्यासह. मग त्यांनी रागाच्या भरात चाकूने जाळे कापले व गळ सोडवून घेतला. आम्हीही ते पाहिले आणि गप्प राहिलो, ही आमची चूक.

ते जाळे मामांचेच होते. असे जाळे संध्याकाळी लावून पहाटे उचलतात. ते फाटले म्हणजे त्या रात्रीची कमाई गेली. चौथ्या दिवशी पहाटे होडी मागावयास गेलो, तर मामा आणि मामी दारात कंदिलाजवळ बसून ते जाळे सांधीत होते. कोणी कापले ते त्यांनी विचारले नाही. आमच्या मित्रांनी चप्पल काढली, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, “मामा, हे मी कापलं.” त्यांनी पैसे पुढे केले. मामांनी ते बाजूस ठेवले व म्हणाले, “मालक, तुमचं रान पाण्याखाली गेलं, तेव्हा आमच्या जाळ्याला जागा झाली. दोन हात जाळं फाटलं त्याचं काय घेऊन बसलात? सुई धरा.”

त्या दिवशी आम्ही पाण्यावर गेलोच नाही. तुटलेली टोके कापून घ्यावयाची, प्रत्येक घर बोटाने मोजून सारखे ठेवावयाचे, आणि गाठ सरकणार नाही अशी आवळावयाची, हे काम दिवेलागणीपर्यंत चालले. आमच्या मित्रांनी गाठी मारता मारता आपली विहीर, वडिलांची बैलजोडी, बांधावरचे आंब्याचे झाड, सारे सांगितले. मामींनी मधूनच कन्नडमध्ये काही विचारावे आणि त्यांनी कन्नडमध्येच उत्तर द्यावे. ती भाषा त्यांना अजून येते हे आम्हांस त्या दिवशी कळले.

प्रभू येशूने याकोब व योहान यांस हाक मारली तेव्हा ते बापाबरोबर होडीत जाळी नीट करीत बसले होते, असे संत मत्तय सांगतो. हा तपशील आजवर आमच्या डोळ्यांखालून तसाच जात असे. मासे धरण्याच्या आनंदाइतकेच फाटलेले सांधण्याचे कंटाळवाणे काम देवाच्या हाकेस जवळचे आहे, हे आम्हांस कारंजाच्या काठी कळले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लहान शेतकऱ्यांबरोबर स्थानिक मासेमारांचाही कैवार घेतला आहे. याच जिल्ह्यातील बसवकल्याणात बाराव्या शतकात जी शरण मंडळी जमली, त्यांत अंबिगर चौडय्या नावाचा नावाडी संतही होता. पाण्यावर पोट भरणाऱ्यांचा मान राखावयास या भूमीस कोणी बाहेरून शिकवावयाचे कारण नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही पुन्हा गळ टाकला. त्यांत तीन रोहू ठेवले, बाकीचे सोडले. त्यांतला सर्वांत मोठा मामींच्या चुलीवर गेला, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर सर्वांनी खाल्ला. रविवारी आम्ही बिदरला मिस्सास गेलो. आमचे मित्र ख्रिस्ती नाहीत. तरी ते बरोबर आले व शेवटच्या बाकावर बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, “पुढच्या वर्षी मुलांना घेऊन येतो. विहीर कुठं होती ते त्यांना दाखवायला हवं.”

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांच्या गावाजवळ नदी किंवा तळे असेल. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन अवश्य जावे. देवाने विश्रांतीही आपल्यासाठीच नेमली आहे. मात्र पाणी कोणाच्या पोटाचे आहे ते आधी विचारावे, लहान मासा सोडावा, आणि चुकून कोणाचे जाळे फाटलेच, तर ते सांधून होईपर्यंत त्याच्याजवळ बसावे.