कळांची वाट कुठे पाहायची?

दिवस भरून वर आठवडा लोटला, की घरातल्या बायकांचे चेहरे बदलतात. पूर्वी अशा वेळी एरंडेल पाजत. आता डॉक्टर तपासून सांगतात, ‘पिशवीचं तोंड अजून कच्चं आहे, आधी ते मऊ करू, मग कळांचं बघू.’ या मऊ करण्यात दहा-बारा तास, कधी पुरते चोवीस तास जातात. हे तास तिने कुठे काढायचे? आपल्याकडे उत्तर ठरलेले असते : दवाखान्यात.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिथल्या रुग्णालयाने तिला संध्याकाळी चक्क घरी पाठवले. इकडे सांगलीत बहिणीचा पारा चढला. ‘दादा, अशा अवस्थेत पोरीला बाहेर काढलं रे!’ मी बँकेतला माणूस, बाळंतपणातले मला काय कळणार? पण कागद बारकाईने वाचायची खोड जात नाही. तिला दिलेला सूचनांचा कागद मी मागवून घेतला.

तोंड मऊ करण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एक औषधाचा : जेल किंवा गोळी. याने कधी कळा फार जोरात, लागोपाठ येतात आणि बाळाचे ठोके मंदावू शकतात. म्हणून नजर ठेवावी लागते. दुसरा मार्ग फुग्याचा. लघवीसाठी वापरतात तीच फोलीची नळी. तिच्या टोकाचा फुगा गर्भाशयाच्या तोंडापलीकडे नेऊन पाण्याने फुगवतात. त्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडते. औषध नसल्याने कळांचा अतिरेक क्वचितच होतो. घरी जायला हा मार्ग अधिक सोयीचा, तो यामुळे.

इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात, आजार वा गुंतागुंत नसलेल्या आणि स्वतःची इच्छा असलेल्या स्त्रियांसाठी घरचा पर्याय मान्य केला आहे. न्यूझीलंडमध्ये हजारावर स्त्रियांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला : फुगा लावून घरी गेलेल्या एका बाजूला, औषध घेऊन रुग्णालयात राहिलेल्या दुसऱ्या बाजूला. सिझेरियनच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. म्हणजे घरी गेल्याने सिझेरियन टळते, असेही कोणी म्हणू नये.

भाची घरी वरणभात जेवली, आपल्या उशीवर झोपली. खाट रिकामी राहिल्याने रुग्णालयाचाही खर्च वाचला. पण माझ्यातला बँकवाला इथे थबकतो. रुग्णालयाच्या खात्यातून वजा झालेली ती रात्र घरच्यांच्या खात्यात जमा होते : जागरण, काळजी, गाडी. भाचीचे घर रुग्णालयापासून पंधरा मिनिटांवर, नवरा शेजारी. आपल्याकडे पहिलटकरीण माहेरी येते आणि माहेर पुष्कळदा घाटापलीकडे असते. रुग्णालयात होणारी बाळंतपणे देशात २००५-०६ मध्ये शंभरात ३९ होती, ती २०१९-२१ पर्यंत ८९ वर आली. एवढ्या खटपटीने दवाखान्यात आणलेल्या बाईला परत पाठवताना हात जड व्हावा, यात गैर काही नाही. शहरातल्या, दवाखान्याजवळ राहणाऱ्या निरोगी मुलीला मात्र हा पर्याय निदान विचारावा, असे मला वाटते.

बहिणीने रागाच्या भरात भाचीला जे विचारले, ते मला कागदाइतकेच महत्त्वाचे वाटले. निघण्यापूर्वी बाळाचे ठोके तपासले का? पाणी गेले, रक्त दिसले, ताप आला, बाळाची हालचाल मंदावली, तर वाट न पाहता निघायचे ना? आणि रात्री दोन वाजता फोन केला, तर तो उचलणार कोण?